छोट्या ऑफिससाठी कॉम्प्युटर स्वतः जोडताना: कामथडीतल्या चार बंद दिवसांचा हिशोब

मागच्या काही भागांनंतर बऱ्याच जणांचा एकच मेसेज येतोय: "गावात छोटं ऑफिस टाकतोय, कॉम्प्युटर कुठला घेऊ? स्वस्तातला सांग." आज त्याचंच उत्तर देतो. पार्टची नावं नुसती ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून हा अख्खा भाग इथे लिहूनही ठेवलाय. पुण्याला खरेदीला जाल तेव्हा मोबाईलवर उघडा आणि दुकानात उभं राहून वाचा.

नुसती पार्टची यादी दिली तर ती सहा महिन्यांत शिळी होते. त्यामुळे आधी एक खरा प्रसंग सांगतो, मग यादी.

जुलै २०२४, कामथडी

कामथडी म्हणजे भोर तालुक्यात, पुणे-सातारा हायवेच्या पट्ट्यातलं गाव. पुण्यातून निघालात की चाळीसेक किलोमीटर, नसरापूर-कापूरहोळच्या परिसरात. तिथे माझ्या आतेभावाचं एका गाळ्यातलं ऑफिस आहे. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, सातबाराच्या प्रिंट, आणि हायवेवरची दोन-चार हॉटेलं नि पोल्ट्रीवाले यांचं हिशोबाचं काम.

आता जुलै २०२४ आठवा. १ जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झालेले. पहिली मुदत १५ जुलै. त्याच वेळी खरिपाचा १ रुपयातला पीक विमा, त्याचीही पहिली मुदत १५ जुलै. आणि ३१ जुलैला इन्कम टॅक्स रिटर्नची तारीख. पुढे दोन्ही योजनांच्या मुदती वाढल्या. ऑफिसच्या दारात सकाळी आठपासून माणसं.

दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी दादाचा फोन. "अरे, स्क्रीन काळी पडलीय. आतून टिक-टिक आवाज येतोय."

टिक-टिक ऐकलं आणि मी समजलो. हार्ड डिस्क गेली. हार्ड डिस्कमध्ये गोल तबकडी फिरत असते, साधारण मिनिटाला ७२०० फेरे, आणि तिच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावरून एक बारीक हेड फिरतं. ते हेड आपली जागा शोधू शकलं नाही की परत मागे येतं, परत जातं. तोच तो आवाज.

बॅकअप? नव्हता. पोल्ट्रीवाल्याचं वर्षाचं कॅशबुक त्याच डिस्कवर होतं. पुढे दादा आणि वहिनींनी रात्री जागून बिलांच्या फायलींवरून ते सगळं परत भरलं. दारात उभ्या असलेल्या एक मावशी रोज विचारायच्या, "बाळा, माझ्या उत्पन्नाच्या दाखल्याचं काय झालं?" दादाकडे उत्तर नव्हतं.

ऑफिस चार दिवस बंद. त्या गर्दीत दिवसाचं दोन हजारांचं काम धरलं तरी आठ हजार गेले. काही लोक कापूरहोळला दुसऱ्याकडे गेले, त्यातले सगळे परत आले नाहीत.

हे एवढं सांगायचं कारण असं की आजच्या भागाचा मुद्दा एकच आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरची किंमत बिलावर अर्धीच दिसते. उरलेली अर्धी तो बंद पडेल त्या दिवशी द्यावी लागते. त्यामुळे प्रत्येक पार्ट घेताना मी एकच प्रश्न विचारला: हा गेला तर काम किती दिवस थांबेल?

पहिली पायरी: पार्ट नंतर, काम आधी

दादाला तेव्हाच एकाने अठरा हजारांत एक सेट देऊ केला होता. "आय-फाइव्ह आहे, एकदम फास्ट." दादा पैसे द्यायला तयार. मी म्हणालो, "थांब. आधी कागद घे आणि या कॉम्प्युटरवर काय काय चालतं ते लिही."

यादी अशी झाली: ब्राउझरमध्ये सरकारी साइट, एकावेळी दहा-पंधरा टॅब. स्कॅन आणि पीडीएफ. हिशोबाचं सॉफ्टवेअर, जे फक्त विंडोजवर चालतं. आधारसाठीचं बोटाचं मशीन. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन. मराठी टायपिंग. लेझर प्रिंटर.

या यादीत गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. म्हणजे ग्राफिक्स कार्ड कटाप. तिथेच मोठा खर्च वाचला. पण हिशोबाचं सॉफ्टवेअर, बोटाचं मशीन आणि टोकन यामुळे मुख्य कॉम्प्युटरला विंडोज लागणार हेही ठरलं. तुमच्या यादीत सगळं ब्राउझरमध्येच होत असेल तर लिनक्स चालेल, आणि लायसन्सचा खर्चही वाचेल. यादी न करता खरेदीला गेलात तर दुकानदार त्याच्याकडे जे पडून आहे ते देणार.

अठरा हजारांचा सेट का नाही घेतला

तो आय-फाइव्ह होता ४५७०. इंटेलचा नंबर वाचायची सोपी रीत सांगतो. चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी. ४५७० म्हणजे चौथी पिढी, ८५०० म्हणजे आठवी. पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे. १२१०० म्हणजे बारावी पिढी. नुसतं "आय-फाइव्ह" म्हणजे काहीच कळत नाही. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह बाराव्या पिढीच्या आय-थ्रीपुढे मागे पडतो.

पण खरी गोम वेगळी आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि एएमडीत रायझन २००० मालिकेपासून. शिवाय बोर्डावर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ही तारीख आधीपासून जाहीर होती. तो सेट घेतला असता तर सव्वा वर्षात दादाच्या हातात सुरक्षा अपडेट न मिळणारं मशीन राहिलं असतं. आणि त्यावर लोकांचे आधार नंबर आणि बँक पासबुकं.

रिफर्बिश्ड वाईट असतं असं मी म्हणत नाहीये. बजेट खरंच वीस हजारांच्या आत असेल तर मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला, आठव्या पिढीचा किंवा पुढचा, अधिकृत विंडोज असलेला ब्रँडेड डेस्कटॉप चांगला सौदा आहे. फक्त एक बघा. अशा बऱ्याच छोट्या ब्रँडेड डब्यांमध्ये एसएमपीएस आणि मदरबोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. ते गेले तर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचे बसत नाहीत, तोच शोधावा लागतो. आपण जोडलेल्या डब्यात सगळं ठरलेल्या मापाचं असतं. शनिवारी संध्याकाळी एसएमपीएस गेला तर सोमवारी कुठल्याही दुकानातून नवा आणून बसवता येतो. आम्ही असेंबल्ड निवडला तो मुख्यतः यासाठी.

लॅपटॉप का नाही? फिरतीचं काम असेल तर जरूर घ्या. पण दादाचं टेबल हलत नाही, आणि लॅपटॉपचा एक पार्ट गेला की अख्खं मशीन रिपेअरला जातं.

आमची यादी आणि भाव

आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतला साधारण काडेपेटीएवढा प्रोसेसर. तिथूनच सुरू करू.

प्रोसेसर: इंटेल आय-थ्री १२१००. चार कोर, आठ थ्रेड. ऑफिसच्या कामाला भरपूर. इथे एक सापळा आहे. याच नंबरच्या शेवटी "एफ" असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो. "एफ" म्हणजे आत ग्राफिक्स नाही. तो घेतला तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, वेगळं कार्ड घ्यावं लागेल. हजार वाचवायला जाऊन तीन-चार हजार घालवणारे मी पाहिलेत. एएमडीकडे जायचं असेल तर रायझन ५ ५६००जी बघा. तिथे उलटं आहे, शेवटी "जी" असलेला घ्यायचा, त्यात ग्राफिक्स असतं.

मदरबोर्ड: एच ६१० चिपसेटचा. हा डीडीआर४ रॅमचा वेगळा आणि डीडीआर५ चा वेगळा येतो. खोबण वेगळी असते, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. बिल करण्याआधी खोक्यावर वाचा. आम्ही डीडीआर४ चा घेतला. त्याला व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही पोर्ट होते, म्हणून दादाचा जुना मॉनिटर तसाच चालला. मॉनिटरचे सहा-सात हजार तिथे वाचले.

रॅम: ८ जीबीच्या दोन. १६ ची एक घेतली असती तरी चाललं असतं. पण दोन असल्या की आतल्या ग्राफिक्सला वेग मिळतो, आणि एक पट्टी खराब झाली तर ती काढून दुसऱ्या पट्टीवर ऑफिस चालू राहतं. पुन्हा तोच प्रश्न: काम किती दिवस थांबेल?

स्टोरेज: ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी. यात काही फिरत नाही. मशीन काही सेकंदांत सुरू होतं. पण सावध राहा. हार्ड डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा टिक-टिक करते, एसएसडी एखाद्या दिवशी काहीही न सांगता जाऊ शकतो. म्हणून एसएसडी आहे म्हणून बॅकअप नको, असं अजिबात समजू नका.

एसएमपीएस: ४५० वॅट, ८० प्लस ब्राँझ. लोक सगळ्यात जास्त कंजुषी इथेच करतात. जुन्या डब्यातला एसएमपीएस मी बाहेर काढला. लेबलवर ५०० वॅट, आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो साधारण असाच असतो. आपल्या मशीनला कामात पन्नास-साठ वॅट लागतात, त्यामुळे वॅटचा प्रश्नच नाही. प्रश्न असतो लाइट वर-खाली झाली, झटक्यात गेली नि परत आली तर तो ती स्वतः सोसतो की पुढे बोर्डाकडे ढकलतो. स्वस्तातला एसएमपीएस मरताना कधीकधी मदरबोर्ड आणि डिस्क दोन्ही घेऊन जातो.

कॅबिनेट: काच नको, रंगीत लाइट नको. पुढे धूळ अडवणारी जाळी हवी. हायवेच्या कडेला ऑफिस असेल तर ती जाळी दर महिन्याला झाडायची.

आता जुलै २०२४ चं आमचं बिल, राउंड आकड्यांत:

प्रोसेसर १०,४००
मदरबोर्ड ६,२००
रॅम ३,४००
एसएसडी ३,३००
एसएमपीएस ३,०००
कॅबिनेट १,९००
डब्याचे एकूण २८,२००

त्यावर ६०० व्हीएचा यूपीएस ३,१००, बॅकअपसाठी १ टीबीची बाहेरची डिस्क ४,२००, आणि विंडोजचं लायसन्स दहा हजारांच्या आसपास. आकडा ऐकून दादा म्हणाला, "अरे, एवढ्यात सेकंड हँड गाडी आली असती!" मी म्हणालो, "आली असती. पण तिच्यावर फॉर्म भरता आले नसते."

हे भाव आज धरू नका. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव प्रचंड चढले. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी एवढी लागते की कंपन्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं. आज तीच रॅम मागितलीत तर आकडा ऐकून दचकाल. अशा वेळी आधी ८ ची एकच पट्टी घ्या आणि दुसरी खोबण रिकामी ठेवा. पण एसएमपीएस आणि बॅकअप डिस्क कापू नका.

खरेदी करताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण पार्ट पुण्यातही सगळे मिळतात. निघण्याआधी दोन-तीन दुकानांना फोन करून पूर्ण मॉडेल नंबर सांगा आणि भाव विचारा. "आय-थ्रीचा सेट केवढ्याला?" असं विचारलंत की समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक नवीन आहे.

पक्कं बिल घ्या आणि प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. वॉरंटी पार्टवर असते आणि ती मागताना तोच नंबर विचारतात. खोकी वर्षभर टाकू नका. तुमच्या धंद्याचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर घाला. पार्टवर १८ टक्के जीएसटी असतो, त्याचं क्रेडिट मिळू शकतं. दादाची उलाढाल छोटी, त्याची नोंदणी नाही, त्यामुळे त्याला तो फायदा नव्हता. इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, पण अंदाजित उत्पन्नावर रिटर्न भरत असाल तर तो वेगळा धरता येत नाही. हे तुमच्या टॅक्सवाल्याला विचारा.

जोडताना

रविवारी दुपारी गाळ्यातलं टेबल रिकामं केलं. हत्यार म्हणाल तर एक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. यूट्यूबवर व्हिडिओ भरपूर आहेत, मी फक्त जिथे चुकतात त्या जागा सांगतो.

काम सुरू करण्याआधी हात एखाद्या उघड्या लोखंडी वस्तूला लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. इंटेलच्या या बोर्डात बारीक पिना मदरबोर्डावर असतात. एक जरी वाकली तर बोर्ड गेला आणि वॉरंटीही गेली. तिथे बोट लावायचंच नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण आणि सॉकेटवरचा त्रिकोण जुळवायचा, अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. मग दांडी खाली करताना थोडा जोर लागतो, कर्र असा आवाज येतो. घाबरू नका, ते बरोबर आहे.

खोक्यातल्या पंख्याखाली थर्मल पेस्ट आधीच लावलेली असते, वरून आणखी थापू नका. त्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबा. बोर्ड कॅबिनेटमध्ये थेट पत्र्यावर ठेवायचा नाही, खाली पितळी स्टँडऑफ लागतात. नाहीतर पाठीमागे शॉर्ट होतं. आणि एसएमपीएसच्या दोन वायरी विसरू नका: मोठी २४ पिनांची, आणि प्रोसेसरजवळची आठ किंवा चार पिनांची. दुसरी बरेच जण विसरतात. पंखा फिरतो, पण स्क्रीन येत नाही.

आमचीही स्क्रीन आली नाही. दादाचा चेहरा उतरला. आत्या चहा घेऊन आली होती, म्हणाली, "बिघडवलंस वाटतं." मी सगळ्या वायरी परत बघितल्या, पाऊण तास गेला. शेवटी निघालं काय? रॅमची एक पट्टी एका बाजूने नीट बसली नव्हती. दोन्हीकडून "टक" ऐकू आलं पाहिजे, मी एकच ऐकलं होतं. काढली, परत बसवली, स्क्रीन आली. तेव्हा स्क्रीन काळी राहिली तर सगळ्यात आधी रॅम बघा.

कॅबिनेटला मुंग्या येतात?

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे गावातल्या किती ऑफिसांत पाहिलंय! लोक म्हणतात "थोडा करंट येतो, चालतंय." नाही चालत. एसएमपीएसच्या आत एक फिल्टर असतो. तो लाइनमधली घाण अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत सोडतो. अर्थिंगच नसेल तर ती थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसते, आणि तुम्ही हात लावला की तुमच्यातून जमिनीत जाते. झिणझिण्या म्हणजे कॉम्प्युटर तुम्हाला सांगतोय की तुमचं अर्थिंग मेलंय. खरा बिघाड झाला तर झिणझिण्यांवर थांबत नाही.

दादाच्या गाळ्यात बोर्डला तीन भोकं होती, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. वायरमन बोलावून बाहेर खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग करून घेतलं. हे काम स्वतः करू नका. पण झाल्यावर वायरमनला मीटर लावून दाखवायला सांगा: फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम दोन-तीन व्होल्ट. हे होत नसेल तर पैसे देऊ नका.

यूपीएसचं काम तासभर कॉम्प्युटर चालवणं नाही. लाइट गेली की चालू फॉर्म सेव्ह करून मशीन नीट बंद करायला दहा-पंधरा मिनिटं मिळणं, एवढंच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. त्यावर डबा, मॉनिटर आणि इंटरनेटचं राउटर लावा. लेझर प्रिंटर लावू नका. कागदावर शाई पक्की करायला तो आत हीटर तापवतो आणि एकदम खूप वीज ओढतो. दादाने पहिल्याच आठवड्यात प्रिंटर यूपीएसवर लावला, पहिली प्रिंट दिली आणि यूपीएस ओरडून बंद. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तिची तारीख चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

वळवाच्या दिवसांत, मे महिन्यात, ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवा. मोठ्या विजेपुढे यूपीएसचंही काही चालत नाही.

विंडोज, लिनक्स आणि मराठी

पेनड्राइव्हवर विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. जुन्या मशीनवर कुणीतरी फुकटचं क्रॅक विंडोज टाकून दिलं होतं. अशा क्रॅकला चालायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, म्हणजे चोराला किल्ली देऊन वर कुत्रंही बांधून ठेवायचं. ऑफिसात लोकांची कागदं असतात, तिथे हा खेळ नको.

नवीन मशीनवर बऱ्याचदा वायफाय नसतं, आणि विंडोज तर सुरुवातीलाच इंटरनेट मागतं. उपाय तुमच्या खिशात आहे. मोबाईल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं.

मराठीसाठी विंडोजमध्येच इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड आहेत, सेटिंगमधून मराठी भाषा जोडली की झालं. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांनी टाइप केलं की मराठी उमटतं. नवीन सगळं काम युनिकोडमध्येच करा. जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर ते फॉन्ट जपून ठेवा, नाहीतर जुनी पत्रं उघडल्यावर नुसती गिचमिड दिसते.

जुना डबा फेकला नाही

आता या भागातली माझी आवडती गोष्ट. जुन्या मशीनची फक्त डिस्क मेली होती आणि एसएमपीएस भरवशाचा नव्हता. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, रॅम ४ जीबी. त्यात २४० जीबीचा दीड हजारांचा एसएसडी आणि एक साधा पण बरा एसएमपीएस टाकला, आणि लिनक्स मिंट बसवलं. फुकट, अधिकृत, आणि अपडेट चालू. हिशोबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. पण ब्राउझर, पीडीएफ, लिब्रे ऑफिस सगळं चालतं. एवढंच बघा की तुमच्या प्रिंटरला लिनक्सवर ड्रायव्हर आहे ना. काही जुन्या प्रिंटरना तो मिळवणं जिकिरीचं असतं.

आज मुख्य कॉम्प्युटर बंद पडला तर दादा खुर्ची फिरवतो आणि दुसऱ्यावर बसतो. गर्दीच्या दिवसांत वहिनी त्यावर फॉर्म भरतात. बंद दिवसाचा खरा विमा हाच.

बॅकअप, म्हणजे शटर ओढण्याआधीची दहा मिनिटं

नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. दादाची पहिली प्रत कॉम्प्युटरवर. दुसरी बाहेरच्या डिस्कवर, रोज संध्याकाळी, आणि ती डिस्क काढून घरी न्यायची. कायम जोडून ठेवायची नाही, कारण व्हायरस आला तर तो जोडलेली डिस्कही खातो. तिसरी, फक्त हिशोबाच्या फायली, पासवर्ड घालून क्लाउडवर. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघायची. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसता विश्वास.

आणि एक विनंती. लोकांच्या आधारच्या आणि पासबुकच्या स्कॅन प्रती काम झालं की डेस्कटॉपवरून काढून टाका. गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटोसुद्धा. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे, तो आहेच. पण त्याच्याही आधी, त्या मावशी आपलं पासबुक दादाच्या हातात देतात ते ओळखीवर.

शेवटी

सगळा खर्च जोडला तर पन्नास हजारांच्या आत आला, अर्थिंग धरून. महाग वाटतं? त्या चार दिवसांत आठ हजार गेले होते, आणि असे चार दिवस वर्षातून दोनदा आले असते तर?

तुमचं बजेट कमी असेल तर क्रम असा ठेवा: आधी अर्थिंग, मग बॅकअप डिस्क, मग चांगला एसएमपीएस आणि यूपीएस. प्रोसेसर सगळ्यात शेवटी. तो जुना असला तर काम हळू होईल. वरचं काही नसेल तर काम थांबेल.

त्या मावशींचा दाखला निघाला. मुदत वाढली होती, म्हणून अर्जही वेळेत गेला. दर वेळी मुदत वाढेलच असं नाही.

तुमच्या ऑफिसची कामांची यादी मला पाठवा. नुसतं "कुठला घेऊ" असं विचारू नका, काम काय करणार ते लिहा, मग बोलू. भेटू पुढच्या भागात!